फुकटाचा पैसा कुठला?

सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडून पेशंट येतात आणि त्यांच्यासोबतची माणसे आठ-आठ, दहा-दहा दिवस तिथेच मुक्काम करतात. आजारी माणूस वॉर्डात, शेत आणि जनावरे गावाकडे, आणि दोन्हींना जोडणारा एक मोबाइल. ‘बोलण्यापुरता रिचार्ज मारून द्या, नेट नको’ असे अशा माणसाने दुकानात म्हटले, तर दुकानदाराकडे द्यायला फारसे काही नसते. केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक कंपन्यांनी जानेवारी २०२५ मध्ये आणले. तेही दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, आदल्या महिन्यात तसा नियमच केला म्हणून. जिओने ४४८ रुपयांचा काढला, एअरटेलने ४६९ रुपयांचा. मुदत दोन्हीकडे ८४ दिवस. दहा दिवसांची नड असलेल्याने जवळजवळ तीन महिन्यांचे पैसे एकदम मोजायचे, नाहीतर नको असलेले नेट पदरात घेऊन २८ दिवसांसाठी दोनशेच्या आसपास द्यायचे. या दोन कंपन्यांकडे तिसरी वाट नाही.

तिसरी वाट का नाही, याचे उत्तर ५ सप्टेंबर २०१६ या तारखेपाशी सापडते. त्या दिवशी रिलायन्स जिओ सुरू झाली. कॉल फुकट, फोर-जी नेट फुकट. ‘वेलकम ऑफर’ डिसेंबरअखेर संपली तेव्हा ‘हॅपी न्यू इयर ऑफर’ आली आणि फुकटचा हा काळ ३१ मार्च २०१७ पर्यंत, जवळपास सात महिने चालला. त्यानंतर आणखी तीन महिन्यांची सवलत जाहीर झाली होती, ती एप्रिलमध्ये ट्रायने मागे घ्यायला लावली. तोवर काम झालेले होते. पहिल्या १७० दिवसांत दहा कोटी माणसे जिओकडे गेली.

या सात महिन्यांनी सामान्य माणसाला जे मिळाले ते खरे आहे, आणि ते झाकून पुढचे काही म्हणणे अप्रामाणिक ठरेल. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास पडत. कापूस उत्पादकाला हिंगणघाटचा भाव घरबसल्या दिसू लागला, होस्टेलमधल्या मुलीला व्याख्यान पाहता येऊ लागले, गावातल्या आशाताईला फोटो पाठवून विचारता येऊ लागले, ते त्यानंतर. जुन्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे मनमानी दर लावले होते. त्यांच्यासाठी अश्रू ढाळायला आम्ही हे लिहीत नाही. पण ग्राहकाचा फायदा झाला एवढ्यावरून स्पर्धा न्याय्य होती असे ठरत नाही. फायदा किती काळ टिकला आणि त्याचे बिल पुढे कोणाच्या नावावर फाटले, हेही पाहावे लागते.

एअरटेलने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. खर्चापेक्षा कमी भावाने विकून दुसऱ्यांना बाजारातून उठवणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमाचा भंग आहे, असे तिचे म्हणणे. ९ जून २०१७ रोजी आयोगाने ही तक्रार चौकशीचा आदेशही न देता निकालात काढली. कारण असे की, हे कलम लागू व्हायला आरोपी आधी त्या बाजारात वरचढ असावा लागतो. जिओ नवखी, तिच्याकडे ग्राहकांचा वाटा सात टक्क्यांहून कमी. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया यांच्यामागेही मोठी घराणी आणि मोठे भांडवल उभे आहे, मग जिओला वरचढ कसे म्हणावे? आणि पालक कंपनीने आपल्या उपकंपनीत पैसा घातला, तर एवढ्याने तो गैरवापर होत नाही.

कायद्याच्या अक्षराला धरून हे सगळे बसते. तरीही आमच्या मते आयोगाचा प्रश्नच चुकला. भांडार नुकतेच उघडले आहे म्हणून त्याच्या मालकाला नवखा समजायचे, आणि मालकाच्या तिजोरीकडे पाहायचे नाही, असा तो निर्णय झाला. सात महिने कोट्यवधी लोकांना फुकट सेवा देण्याचे बळ सिमकार्डाच्या धंद्यातून येऊ शकत नव्हते. त्या धंद्याला अजून उत्पन्नच नव्हते. ते बळ पालक कंपनीच्या तेल शुद्धीकरणाचे आणि पेट्रोकेमिकलचे होते. एका बाजारात कमावलेला पैसा दुसऱ्या बाजारात ‘शून्य’ या भावाने उतरवला गेला.

आणि हा विचार आयोगाला परका नव्हता. त्याच आयोगाने तो सहा वर्षांपूर्वी केला होता, मुंबईच्या एका प्रकरणात. ऑगस्ट २००८ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने चलनांच्या वायद्यांचा विभाग उघडला आणि त्यात व्यवहार शुल्क घेतले नाही. ऑक्टोबरमध्ये एमसीएक्स-एसएक्स हा नवा बाजार आला. समोरचा फुकट देतो म्हटल्यावर यालाही फुकटच द्यावे लागले. फरक इतका की, नॅशनल स्टॉक एक्स्चेंजला शेअर आणि इतर वायद्यांतून भरभक्कम कमाई होती. नव्या बाजाराकडे हे एकच दुकान होते. जून २०११ मध्ये आयोगाने बहुमताने निकाल दिला: हा ‘शून्य’ भाव अन्याय्य आहे. दंड साडेपंचावन्न कोटी रुपये. अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये तो उचलून धरला. चलन वायद्यांचा विभाग नॅशनल स्टॉक एक्स्चेंजसाठीही नवाच होता, हे इथे महत्त्वाचे. तरी आयोगाने तिला नवखी म्हटले नाही. शेजारच्या विभागांतली तिची ताकद मोजली. कायद्यातच तशी सोय आहे: वरचढपणा ठरवताना बाजारातला वाटा पाहावा, तसाच उद्योगाचा आकार आणि त्याची साधनसंपत्तीही पाहावी, असे एकोणिसावे कलम सांगते. २०११ मध्ये हे माप हाती घेतले गेले आणि २०१७ मध्ये बाजूला ठेवले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये उबरच्या प्रकरणात याच्याजवळचा मुद्दा पुन्हा पुढे आणला. दर फेरीमागे २०४ रुपये तोटा सोसून टॅक्सी चालवली जात असल्याचा आरोप होता. इतका तोटा होत असेल तर त्यामागे प्रतिस्पर्ध्याला घालवण्याखेरीज आर्थिक अर्थ दिसत नाही, असे प्रथमदर्शनी मत देऊन न्यायालयाने चौकशी होऊ दिली. सात महिने शून्य भावाने विकणाऱ्याबद्दल किमान चौकशी तरी व्हायला हवी होती, हे आमचे म्हणणे त्या निकालाशी सुसंगत आहे. चौकशीअंती जिओ निर्दोष ठरली असती, तर तेही मान्य. चौकशी न करता दार बंद करणे मान्य नाही.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातून विचारण्याला एक कारण आहे. स्वस्त माल दुरून येतो तेव्हा त्याच्यामागे काय लपलेले असते, याचा या देशातला सर्वांत कसून झालेला विचार वर्ध्यातच झाला. १९३४ साली मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक. गिरणीचे तेल घाण्याच्या तेलाहून स्वस्त का पडते, गिरणीचा तांदूळ हातसडीच्या तांदळाला का हटवतो, हे प्रश्न त्यांनी हिशेब मांडून विचारले. भाव कमी दिसतो तेव्हा कुठेतरी कोणीतरी तो फरक भरून काढत असतो, आणि विकत घेणाराही त्या अन्यायाचा वाटेकरी होतो, ही त्यांची मांडणी. १९३८ साली गांधीजींनी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय आजही तिथे उभे आहे. सावंगीच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते विनोबा इथून जवळच पवनारला राहिले. त्यांच्या भूदानात दान या शब्दाचा अर्थ स्वच्छ होता: दिलेल्या जमिनीवर पुढे खंड मागायचा नाही. सात महिने फुकट दिलेले नेट दान नव्हते. ती गुंतवणूक होती आणि गुंतवणूक परतावा मागतेच. परतावा मागण्यात पापही नाही. पण तो मागायच्या वेळी समोर दुसरा विक्रेता उरलेला असला पाहिजे.

तो किती उरला? टाटांनी आपला मोबाइलचा व्यवसाय ऑक्टोबर २०१७ मध्ये एअरटेलला देऊ केला. अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने त्याच वर्षाअखेर मोबाइलवरची बोलण्याची सेवा बंद केली. २०१८ च्या सुरुवातीला एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला. टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. जानेवारी २०२० मध्ये बीएसएनएलच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. या सगळ्याचा दोष एका फुकट ऑफरवर टाकणे चूक होईल. स्पेक्ट्रमचे महाग लिलाव, कर्जाचे डोंगर, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये महसुलाच्या व्याख्येवरून सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल, यांनीही कंपन्यांचे कंबरडे मोडले. पण आधीच उत्पन्न आटलेल्या कंपनीवर जुन्या थकबाकीचा घाव पडला, की ती उठत नाही. व्होडाफोन आयडियाची थकबाकी सरकारने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये शेअरमध्ये बदलून घेतली. आता त्या कंपनीत जवळपास निम्मा वाटा सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा आहे.

आणि सात टक्क्यांहून कमी वाटा असलेली ‘नवखी’ कंपनी आज चाळीस टक्क्यांच्या घरात आहे. तिच्या आणि एअरटेलच्या हाती मिळून देशातले जवळजवळ तीनचतुर्थांश मोबाइल ग्राहक आहेत.

कापसाच्या यार्डात उभ्या राहिलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लिलावात दहा व्यापारी बोली लावतात तेव्हा गाडीला भाव येतो. दोघेच उरले की ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलतात. त्यासाठी त्यांना गुपचूप ठरवावेही लागत नाही. मोबाइलच्या दरांचे तेच झाले. डिसेंबर २०१९, त्यानंतर २०२१ ची अखेर, त्यानंतर जुलै २०२४: एकाने वाढवले की काही दिवसांतच दुसऱ्याने वाढवले. रोज दीड जीबीचा जिओचा २८ दिवसांचा पॅक २०२१ मध्ये १९९ चा २३९ झाला आणि २०२४ मध्ये २९९. त्याहून वाईट गत झाली ती केवळ फोन चालू ठेवू पाहणाऱ्याची. एकेकाळी ‘लाइफटाइम’ कार्डावर येणारे फोन वर्षानुवर्षे फुकट यायचे. २०१८ च्या अखेरीस जुन्या कंपन्यांनी त्यासाठी महिन्याला ३५ रुपये सक्तीचे केले. एअरटेलचा हा तळाचा पॅक पुढे ९९ वर गेला, तिथून १५५ वर, आणि जुलै २०२४ नंतर १९९ वर. फुकट नेटचे बिल ज्याला नेट नकोच होते त्या म्हाताऱ्याच्या नावावरही फाटले. दहा रुपयांचा टॉकटाइम मारून महिना काढणारी माणसे या हिशेबात कोणी धरलीच नाहीत.

जिओच्या सात महिने आधी याच ट्रायने दुसऱ्या एका फुकटाला मात्र अडवले होते. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने मोजक्या संकेतस्थळांपुरते फुकट इंटरनेट आणले, तेच पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाले. पहिल्या टप्प्यातल्या मंडळांत महाराष्ट्र होता. त्याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ आले. संकेतस्थळाने एअरटेलला पैसे द्यायचे आणि ग्राहकाने ते फुकट पाहायचे. लोकांनी ट्रायला लाखोंनी ई-मेल पाठवले, ‘एअरटेल झिरो’त उतरणाऱ्या फ्लिपकार्टने अंग काढून घेतले. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्गने आपल्या योजनेच्या समर्थनार्थ लेख लिहिला तेव्हा उदाहरण दिले ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे. फ्री बेसिक्सवर त्याला हवामान कळते, भाव कळतात, आता तो नवी पिके घेतो आहे. त्या शेतकऱ्याची गरज खरीच होती. पण त्याला कोणत्या खिडकीतून जग दाखवायचे हे फेसबुकने ठरवायचे होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली, आणि तीन दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेले. आम्हाला तो निर्णय अभिमानाचा वाटतो. पण ट्रायने पाहिले ते काय फुकट दिले जाते एवढेच. स्पर्धा आयोगाने पाहिले ते देणारा आज किती मोठा आहे एवढेच. पैसा कुठून येतो आणि कसा वसूल होणार, हे पाहणे कोणाच्याच वाट्याला आले नाही.

त्या रिकाम्या जागेचा चटका आज वर्ध्यासारख्या गावांत केबलवाल्याला बसतो आहे. खांबावरून फायबर ओढून, रात्री-अपरात्री शिडी लावून, तुटलेली वायर जोडणारा हा माणूस. होस्टेलच्या खोल्यांना आणि भाड्याच्या घरांना नेट देऊन त्याचे घर चालते. २०१८ च्या ऑक्टोबरात रिलायन्सने हॅथवे आणि डेन या बड्या केबल कंपन्यांत नियंत्रक वाटा घेण्याचे जाहीर केले. २०२० मध्ये जिओफायबरने ३९९ रुपयांचा पॅक आणि आधी ३० दिवस फुकट वापरून पाहण्याची योजना आणली. महिनाभर फुकट देणे केबलवाल्याला जमणार कसे? त्याचा महिना म्हणजेच त्याचे भांडवल. मग २०२३ मध्ये आयपीएलचे सामने जिओसिनेमावर फुकट दाखवले गेले, डिजिटल हक्कांना २३,७५८ कोटी रुपये मोजून. २०२४ मध्ये आयोगाच्या मंजुरीने रिलायन्स आणि डिस्ने यांचे करमणुकीचे व्यवसाय एक झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आले, आणि त्याच मोसमापासून पूर्ण आयपीएलसाठी पैसे किंवा ठरावीक रिचार्ज मागायला सुरुवात झाली. मोबाइलमध्ये जे घडायला काही वर्षे लागली ते इथे दोनच वर्षांत घडले.

सरकारला हे सुधारता येते, कारण एक बरी योजना त्याच्याच हातात पडून आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ मंजूर केली. चहावाला, किराणा दुकानदार, झेरॉक्सवाला अशा कोणालाही परवाना, शुल्क किंवा नोंदणीशिवाय आपल्या दुकानातून वायफाय विकता येईल अशी ती रचना. सावंगीच्या रुग्णालयासमोरच्या टपरीवर पाच-दहा रुपयांत दिवसभराचे नेट मिळू शकेल, पेशंटच्या नातेवाइकाला गावी व्हिडिओ कॉल करता येईल, आणि चार पैसे टपरीवाल्याला सुटतील. मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने या योजनेला विरोध केला. टपरीवाल्याने कंपनीकडे जोडणी मागितली की घरगुती दराऐवजी उद्योगांचा महागडा दर पुढे येई. अखेर जून २०२५ मध्ये ट्रायने बंधन घातले: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. एवढ्यासाठी साडेचार वर्षे लागली. ज्या कंपन्या कोट्यवधींना सात महिने फुकट देऊ शकल्या किंवा तो मारा सोसू शकल्या, त्यांना एका टपरीवाल्याला घरगुती दराने जोडणी देणे मात्र परवडत नव्हते.

आता नवे फुकट दारात आले आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेचे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिले, किंमत १७ हजार रुपये सांगून. नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट केले. त्याच्या काही दिवस आधी जिओने गुगलचे जेमिनी प्रो १८ महिने फुकट जाहीर केले, किंमत ३५,१०० रुपये, सोबत दोन टीबी साठवण. आणि सुरुवात केली ती १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून. सावंगीच्या होस्टेलांमध्ये राहतात ती बहुतेक मुले याच वयाची. ती हे घेणार, आणि त्यांनी का घेऊ नये? पण मराठीत अभ्यासाचे एखादे साधन बनवून महिना पन्नास रुपयांना विकू पाहणाऱ्या वर्ध्यातल्या किंवा नागपुरातल्या तरुणाला शून्याशी झुंजायचे आहे, आणि त्याच्यामागे ना तेलाचा कारखाना आहे ना जाहिरातींचे साम्राज्य. या वेळीही आयोग ‘तुमचा या बाजारातला वाटा किती’ एवढेच विचारत बसला, तर गुगल म्हणेल की या बाजारात आम्हीही नवेच आहोत.

म्हणून आयोगाने तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून माहिती मागवावी: या फुकटाचा खर्च किती, तो कोणत्या धंद्यातून भरला जातो, मुदतीनंतरचा दर काय, आणि मुलाला आपल्या नोंदी, फोटो, फायली उचलून दुसरीकडे नेता येतील का. ज्या मुलाने ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस हे घेतले, त्याचे अठरा महिने एप्रिल २०२७ च्या शेवटी संपतात. तोपर्यंत त्याच्या दीड वर्षाच्या नोट्स त्या दोन टीबीत जमलेल्या असतील. ही उत्तरे त्याला त्या तारखेच्या आधी मिळायला हवीत.